कानोसा

एकाच वस्तूचे दोन भाव ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. भाजीवाली गाडीतून उतरलेल्या बाईला एक भाव सांगते, रोजच्या गिऱ्हाइकाला दुसरा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वांधा होतो तो गाडीवाली बाई कोपऱ्यावर गाडी लपवून, जुनी साडी नेसून येते तेव्हा. पुण्याच्या ‘लीलांगण’ कंपनीचा वांधा नेमका हाच होता. फक्त ती भाजी न विकता खेळ विकायची आणि तिची गिऱ्हाइकं जगभर पसरली होती.

‘गलबत’ हा त्यांचा सगळ्यात चालणारा खेळ. डोळ्यांवर चष्मा चढवला, की माणूस भर समुद्रात. सोबतचे खलाशी कुठल्याही देशातले असोत, चष्मा ज्याचं बोलणं त्याला त्याच्या भाषेत ऐकवायचा. दर महिन्याला वर्गणी भरायची; नाही भरली, तर गलबतावरची जागा दुसऱ्याला. या वर्गणीचा भाव देशागणिक वेगळा होता. खेळाला ना वजन ना वाहतूक, तेव्हा गिऱ्हाइकाला जेवढं झेपेल तेवढं मागायचं, असा सरळ हिशेब. भारतात जे भरावं लागे त्याच्या नऊपट युरोपात. साहजिकच युरोपातले पुष्कळ लोक घरबसल्या संगणकाला बनवून आपण नागपुरात किंवा नांदेडात बसलो आहोत असं भासवायला लागले. वरच्या साहेबांनी ठरवलं, असं असेल तर भारतातला स्वस्त भावच काढून टाकू. सगळ्यांना एकच भाव, परवडेल त्यानं खेळावं.

तो निर्णय अडवला कंपनीतल्याच इंजिनिअर कल्याणी मुसळेने.

भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात ती कधीच नेमकी पन्नास खात नाही. देशात कुठे मोठे पंप सुरू झाले, की वेग किंचित उतरतो; दुपारी सूर्यवीज भरात आली, की किंचित चढतो. एका जाळ्यावरच्या सगळ्या तारांत हा चढउतार एकाच क्षणी सारखा असतो, मग तार इंफाळची असो की इचलकरंजीची. परदेशातल्या तारेत त्याच क्षणी तो निराळा असतो. पुढच्या मिनिटाला कोण कुठे पंप लावणार हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं, त्यामुळे त्याचं सोंग आधीपासून आणता येत नाही. चष्मा रोज चार्जिंगला लावावाच लागतो, तेव्हा कल्याणीने चार्जरलाच तारेतली ही गुणगुण ऐकायला शिकवलं. या युक्तीला तिने नाव दिलं ‘कानोसा’. नागपूरकर म्हणवणारे हजारो परदेशी पंधरवड्यात उघडे पडले आणि भारतातला स्वस्त भाव वाचला.

कल्याणीला हे सगळं मनापासून करावंसं वाटलं, कारण तिची आई. मालनबाई इचलकरंजीच्या कोष्टी गल्लीत एकट्या राहत. उभा जन्म मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेलेला. नवरा गेल्यावर वर्षभर त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. दार लावून बसायच्या, जेवलीस का विचारलं तर व्हय म्हणायच्या आणि जेवलेल्या नसायच्या. पोरीनं चष्मा आणून दिला तेव्हा आठ दिवस त्यांनी तो फडताळावर ठेवून दिला. नवव्या दिवशी घातला आणि मग काही काढेनात. गल्लीतल्या बायकांनाही त्यांनीच नादी लावलं. आता भिशीचा पहिला पैसा बायकांच्या वर्गणीला जाई, मग उरलेल्याची चिठ्ठी निघे. गलबतावर मालनबाई सुकाणूला असत. समोरचा खडक किती लांब आहे हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येत नसे.

पुण्यात ‘मी येते, मी जाते’ म्हणायला शिकलेली कल्याणी आईच्या फोनवर मात्र गल्लीतल्या सगळ्या बायकांसारखं ‘येतो, जातो’च म्हणे. एका रविवारी मालनबाईंनी फोनवर विचारलं, “आमच्या गलबतावर ती इल्झे हाय न्हवं, लॅटव्हियाची, तिला माझ्या नऊपट भाव का म्हणून?”

“तो देश श्रीमंत आहे आई.”

“देश आसंल. ती कुठं हाय? नवरा न्हाई, पेन्शन सगळी घर गरम ठेवण्यात जातीया. परवा रडली माझ्याकडं. पुढल्या महिन्यात जागा सोडतो म्हणली. आणि तुझ्या त्या बंगल्यातल्या साहेबाची बायको माझ्याच भावात खेळत आसंल. ह्यो कुठला न्याय गं?”

प्रश्न कल्याणीच्या डोक्यात भुंगा लावून गेला. देश कशाला, घराघराची ऐपत का ऐकू नये?

आणि तेही ऐकू येत होतं. गल्लीतल्या विजेच्या डीपीवर जे जे यंत्र चालतं ते विजेत आपापला मळ सोडतं. जुनी मोटार निराळा सोडते, स्वस्तातला दिवा निराळा. मोठ्या सोसायट्यांत घरोघरी बॅटऱ्या आणि गाळण्या असतात, त्यामुळे तिथली वीज धुऊन काढल्यासारखी स्वच्छ. मोडक्या वस्तीतली वीज खरखरीत. कल्याणी रजा काढून इचलकरंजीला गेली, आठवडाभर आपल्याच गल्लीतल्या यंत्रमागांची गुणगुण भरून घेतली आणि कानोशाला शिकवलं, की हा आवाज आला म्हणजे इथे कष्टाची माणसं राहतात, इथे सगळ्यात कमी भाव. कंपनीच्या सभेत ती म्हणाली, “माणूस खोटं बोलतो, तार बोलत नाही.” टाळ्या पडल्या. इल्झेच्या जुनाट इमारतीचा भाव उतरला. साहेबांच्या बंगल्याचा चढला. मालनबाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि लेकीचं कौतुक इतकं सांगितलं, की शेजारची पर्वीन शेवटी म्हणाली, “मावशी, पुरे की आता, कल्याणीताईला दृष्ट लागंल.”

दृष्ट कल्याणीला लागली नाही, गल्लीला लागली. दोन वर्षांत माग बंद पडत गेले. दूर कुठेतरी माणसाविना चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांच्या कापडापुढे इथलं कापड महाग पडायला लागलं. कारखानदारांनी माग किलोच्या भावाने भंगारात घातले. ज्या गल्लीत शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागे तिथे भरदुपारी चिमण्यांचा आवाज ऐकू यायला लागला. बाप्ये कामासाठी बाहेरगावी गेले. बिल वाचवायला घरोघर पंखेही बंद राहू लागले.

आणि कानोशाने काय ऐकलं? त्याने ऐकलं, की कोष्टी गल्लीची वीज स्वच्छ झाली. मळ नाही, खरखर नाही, थेट सोसायटीसारखी. म्हणजे गल्ली सुधारली. त्याने इमानेइतबारे भाव चढवला.

कल्याणीने तो आकडा पाहिला. ती तडक आपल्या वरिष्ठांकडे, रेगे साहेबांकडे गेली. समीरण रेगे वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आकड्यांपलीकडे बघायची सवय नव्हती.

“सर, तिथे बेकारी आली आहे. माणसं गरीब झाली म्हणून तार शांत झाली.”

“हे तुला कसं कळलं?”

“माझी गल्ली आहे ती.”

“म्हणजे तिथल्या माणसांनी सांगितलं.” रेगे हसला. “कल्याणी, आपला भाव जास्त आहे असं जगात कोण म्हणत नाही? माणूस खोटं बोलतो, तार बोलत नाही. हे वाक्य तुझंच ना?”

ती आपल्या जागेवर परत आली. आणखी बोलता आलं असतं. पण पदोन्नतीची यादी महिन्यावर आली होती, आणि खरं सांगायचं तर आपलं यंत्र चुकतं हे चारचौघांत कबूल करणं तिच्या जिवावर आलं. त्या संध्याकाळी तिने आईला फोन करून सांगितलं, की भाव थोडा वाढला आहे, तुझी वर्गणी इथून पुढे मी भरेन.

“आणि पर्वीनची? आणि बाकीच्या बायकांची?”

“सगळ्यांची कशी भरणार मी?”

“मग माझी बी नको. त्या जागा सोडणार आणि मी तेवढी गलबतावर मिरवणार व्हय?” मग त्यांनी विचारलं, “पर काय गं, ते तुझं मशीन मागांच्या आवाजावरच गल्ली वळखतंय न्हवं?”

“हो. का?”

“काय न्हाई. सहज पुसलो.”

पुढच्या महिनाअखेरीस कोष्टी गल्लीचा भाव पुन्हा तळाला आला. त्याच्या पुढच्याही. हिशेब तपासणाऱ्या विभागाला त्यात काळंबेरं दिसलं. वर्गणीचा भाव ठरायच्या आठवड्यात त्या गल्लीत मागाची गुणगुण सुरू होत होती आणि वर्गण्या भरून झाल्या, की बंद पडत होती. रेगेने ते रेकॉर्डिंग कल्याणीपुढे टाकलं. “कुणीतरी आपल्याला बनवतंय. माणूस पाठवून शोध घ्यायचा, की तुझ्याकडे दुसरा काही इलाज आहे?”

कल्याणीने कानांना लावून ऐकलं आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. माग चालत होता, पण त्यावर सूत नव्हतं. सूत चढलेल्या मागाची मोटार प्रत्येक ठोक्याला दम घेते, कारण ठोक्यागणिक धागा दाबायचा असतो. हा माग दम घेतच नव्हता. रिकामाच खडखडत होता. बायका भिशीतून विजेचं बिल भरून भंगारातला माग नुसताच फिरवत होत्या, यंत्राला आपली गरिबी ऐकू यावी म्हणून.

तिने आईला फोन लावला. “आई, गल्लीत कुणाचा माग चालू आहे का?”

“न्हाई बा. कुठला माग आता? सगळं भंगारात गेलं.”

आई खोटं बोलते आहे हे तिला कळलं. लेकीच्या नोकरीवर बालंट नको म्हणून बोलते आहे, हेही कळलं. तिने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं, तर मालनबाईंनी सगळं सांगितलं असतं आणि मग काहीतरी करणं भाग पडलं असतं. न विचारलेलंच बरं होतं.

इलाज तिला ठाऊक होता. रेगेने माणूस पाठवला असता, तर बायकांची नावं काळ्या यादीत गेली असती, आणि तिथून पुढे कुठल्याच खेळात कुणी त्यांना जन्मभर घेतलं नसतं. त्यापेक्षा कानोशालाच रिकामा माग आणि भरला माग यातला फरक शिकवावा. कुणाचं नाव येणार नाही, चौकशी होणार नाही, बायका आपण होऊन नाद सोडतील. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. दुपारपर्यंत तिने ते काम उरकलं. काम सुरेख झालं होतं. रेगेने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. डबा मात्र तिने तसाच घरी परत नेला.

त्याच्या पुढचा महिना सरत आला तेव्हा पर्वीनचा फोन आला.

“कल्याणीताई, तुम्ही या. आत्ताच्या आत्ता या. मावशींना धोटा लागलाय.”

धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला लाकडी तुकडा. नीट चालला तर दिसतही नाही इतका वेगात. उडाला तर समोरच्या माणसाचं नशीब. गल्लीत असं एक घर नव्हतं, जिथे धोटा उडून कुणाचा दात पडला नाही की कुणाचं कपाळ फुटलं नाही. कल्याणी इचलकरंजीला पोचली तेव्हा दुपार कलली होती. दवाखान्याच्या ओसरीवर गल्लीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. तिला बघून त्या उठल्या. पर्वीन पुढे आली.

“गेल्या महिन्यात नुसता माग फिरवला, तरी भाव उतरला न्हाई. आम्ही म्हणलं, सोडून देऊ. मावशी ऐकंनात. म्हणल्या, रिकामा माग त्याला कळायला लागलाय, सूत चढवू या. भिशीच्या पैशातनं सूत आणलं. कापड कोण घेणार म्हणून इचारलं, तर म्हणल्या, कुणी घेऊ दे न घेऊ दे, ऐकणाऱ्यानं ऐकलं म्हंजे झालं. पाच दिवस त्यांनीच इणलं, ताई. आम्हाला हात लावू दिला न्हाई. आम्ही धोट्याच्या वाटंत यायला नको म्हणून. वादी झिजलेली होती. धोटा मारणारी कातडी वादी. नवी मिळंना आता कुठं. आज सकाळी उडाला आणि सरळ डोळ्यात. रगात थांबंना. त्यांनीच इणलेलं कापड टरकावलं आणि घडी दाबून इथवर आणलं.”

कंपनीत सगळ्यांसमोर पाठीवर पडलेली थाप कल्याणीला तिथे, त्या ओसरीवर, पुन्हा जाणवली आणि स्वतःची किळस आली.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. उजवा डोळा गेला. डावा शाबूत आहे. रोजची कामं करता येतील. मात्र अंतराचा अंदाज येणार नाही. पाण्याचा तांब्या कुठे ठेवायचा तेही हाताने चाचपावं लागेल. तो अंदाज दोन डोळे मिळून करतात. एकट्याला तो येत नाही.

मालनबाई खाटेवर उताण्या होत्या. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. लेकीची चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली.

“आलीस? जेवलीस काय?”

कल्याणी खाटेच्या कडेला बसली आणि तिने आईचा हात धरला. बोटांना अजून सुताचे तंतू चिकटलेले होते. तिला सगळं सांगायचं होतं. रेगे, ती पदोन्नतीची यादी, ते रेकॉर्डिंग, आणि दुपारपर्यंत उरकलेलं काम. “आई, मी...” एवढंच तिला म्हणता आलं.

“ते तूच केलंस न्हवं?” मालनबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “रिकामा माग मशीनला कळंना झालावता तवर आमचं बरं चाललंवतं. मग एकाएकी कळायला लागला. तवाच मी वळखलं. पुण्यात कुणाला ठावं हाय माग रिकामा कसा वाजतोय? कुण्या साहेबाच्या बापाला बी कळायचं न्हाई. म्हणलं, ही आपलीच पोरगी.”

“मग मला फोन का नाही केलास? रागवायचं तरी होतंस.”

“तुझ्या पोटावर पाय कसा देऊ?” मालनबाईंनी हात सोडवून घेतला नाही. “आणि पर्वीनच्या तोंडाकडं बघून गप बसवंना. दोन्हीकडनं माझंच नाक दाबलंवतं. म्हणलं, सूत चढवू. म्हंजे खोटं बी न्हाई आणि तुझ्या मशीनची चूक बी न्हाई.”

कल्याणीला रडू आवरेना. मालनबाईंनी तिला रडू दिलं, थोपटलं नाही. खिडकीबाहेर कुणीतरी बायकांना चहा आणून देत होतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “आज भाव लागणार होता. लागला का बघ.”

तिने फोन काढून बघितलं. पाच दिवस कोष्टी गल्लीत खरा माग खऱ्या सुतावर चालला होता आणि कानोशाने तो नीट ऐकला होता. गल्लीचा भाव पुन्हा तळाला आला होता. यंत्राच्या लेखी सगळं रास्त होतं.

“उतरला का गं?”

“उतरला, आई.”

मालनबाईंनी उरलेला डोळा मिटला. थकलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, “मग बायकांना सांग, आजच्या आज भरून घ्या म्हणावं. भाव काय टिकत न्हाई. इल्झेला निरोप दे, सुकाणूला दुसरी बाई बघा म्हणून. माझं ऱ्हाऊ दे.”

“आई, एका डोळ्यानेही... मी चष्म्यात काहीतरी करतो. करून देतो तुला.”

“नको.” पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली. “तू आता काय करू नको.”

कल्याणी ओसरीवर आली. बायका तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. भाव उतरला आहे, भरून घ्या, असं तिने त्यांना सांगितलं. एकीनेही फोन बाहेर काढला नाही.